लॅटिन, वेदी आणि रिकामी बाकडी : एका फिरत्या मजकुराला उत्तर

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. वर दोन फोटो. एकात मेणबत्त्यांच्या उजेडातली जुनी वेदी, धूप, पाठमोरे फादर. दुसऱ्यात गिटार घेतलेली मुलं आणि अर्धी रिकामी बाकडी. खाली सात-आठ ओळी. दीड हजार वर्षं मिस्सेचं (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचं) एक अक्षर बदललं नव्हतं. मग जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लॅटिनवर बंदी घातली, वेदी फिरवली, सहा प्रोटेस्टंट पाळकांकडून नवी मिस्सा लिहून घेतली, कम्युनियन (पवित्र भाकर) हातावर द्यायला लावलं. पूर्वी लोक मिस्सेत मनापासून सामील व्हायचे, आता प्रेक्षक झाले. म्हणून चर्चं ओस पडली. आणि शेवटची ओळ : 'तुमच्या फादरांना विचारा, हे तुमच्यापासून का लपवलं?'

मला हा मजकूर पाठवणाऱ्यांत वाईट हेतूचं कुणीच नाही. काहीतरी हरवलं आहे असं त्यांना वाटतं, आणि ते वाटणं खोटंही नाही. फिर्याद मात्र भलत्याच माणसावर नोंदवली आहे, आणि चोरीला गेलेल्या सामानाच्या यादीत अशा वस्तू आहेत ज्या घरात कधी नव्हत्याच. ओळीने घेऊ.

'दीड हजार वर्षं एक अक्षर बदललं नाही.'

रोममधली ख्रिस्ती उपासना सुरुवातीला ग्रीकमध्ये होत असे. लोकांची बोली बदलली तशी लॅटिन आली आणि चौथ्या शतकात, पोप दमासस यांच्या सुमारास, ती स्थिरावली. म्हणजे लॅटिन स्वतःच त्या काळची 'लोकांना कळणारी भाषा' म्हणून वेदीवर चढली. 'आन्युस देई' ('देवाच्या कोकरा') हे गीत सातव्या शतकाच्या शेवटी पोप पहिले सर्जियस यांनी आणलं. रविवारी आपण उभं राहून म्हणतो तो विश्वासाचा अंगीकार रोमच्या मिस्सेत १०१४ साली आला, तोही सम्राट दुसरा हेन्री याच्या आग्रहावरून. त्याआधी रोमला त्याची गरज वाटली नव्हती. फादर पवित्र भाकर उंच धरतात आणि घंटा वाजते, तो क्षण बाराशेच्या आसपासचा.

पोप पाचवे पायस यांनी १५७० साली मिस्साग्रंथ एकसारखा केला, हे खरं. पण त्याच फर्मानात, दोनशे वर्षांहून जुने विधी असलेल्या ठिकाणांना त्यांनी आपापली पद्धत चालू ठेवू दिली. मिलानचा विधी राहिला, डॉमिनिकन संन्याशांचा राहिला. पुढे १६०४ आणि १६३४ साली खुद्द त्या ग्रंथातही दुरुस्त्या झाल्या.

सगळ्यात बोलकं उदाहरण ईस्टरच्या जागरणविधीचं आहे. काळोखात अग्नी पेटवायचा, मोठी मेणबत्ती घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये शिरायचं, 'हीच ती रात्र' असं गायचं. हा विधी कित्येक शतकं शनिवारी सकाळी उरकला जात असे. खिडक्यांतून लख्ख ऊन, समोर मोजकी माणसं, आणि डीकन (फादरांचा विधीतला साहाय्यक) गातोय 'हीच ती रात्र'. बाराव्या पायस यांनी १९५१ मध्ये आधी प्रयोग म्हणून तो पुन्हा रात्री नेला, आणि १९५५ मध्ये अख्खा पवित्र आठवडाच नव्याने बांधला. त्यामुळे १९६२चा जो मिस्साग्रंथ आज 'अनादी' म्हणून मिरवला जातो, त्यातला पवित्र आठवडा तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पोप तेविसावे जॉन यांनी मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत, भाकर आणि द्राक्षारस पवित्र करताना फादर म्हणतात तीत, संत योसेफाचं नाव घातलं. ज्या प्रार्थनेला हात लावायचा नसतो म्हणतात, त्याच प्रार्थनेत.

इथे एक कबुली देऊन टाकतो. १९६४ ते १९७० या सहा वर्षांत जेवढं बदललं, तेवढं आधीच्या चारशे वर्षांत बदललं नव्हतं. 'कधीच बदललं नाही' हे चूक आहे. 'इतक्या वेगाने कधीच बदललं नाही' असं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

'परिषदेने लॅटिनवर बंदी घातली.'

उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर झाला. बाजूने २१४७ मतं, विरोधात ४. त्याचं कलम ३६ सांगतं की लॅटिन विधींमध्ये लॅटिनचा वापर कायम ठेवावा. लोकभाषेला मात्र, विशेषतः वाचनांत आणि काही प्रार्थनांत, जास्त जागा देता येईल. कलम ५४ तर पुढे जाऊन म्हणतं की मिस्सेतले आपल्या वाट्याचे भाग लोकांना लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावेत अशी व्यवस्था करा. कलम ११६ ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला, मानाचं पान देतं. बंदी शोधायची कुठे?

मग लॅटिन गेली कशी? कलम ३६मध्येच एक दार होतं : लोकभाषा किती वापरायची ते त्या त्या प्रदेशातल्या बिशपांनी ठरवायचं आणि रोमकडून मंजुरी घ्यायची. बिशपांनी ते दार सताड उघडलं. ७ मार्च १९६५ पासून लोकभाषा अधिकृतपणे वेदीवर आली. त्या दिवशी पोप सहावे पॉल यांनी स्वतः रोममधल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) इटालियनमध्ये मिस्सा अर्पण केली. १९६७ साली मुख्य प्रार्थनाही लोकभाषेत म्हणायची मुभा मिळाली. एकेक परवानगी मागितली गेली, मिळाली, आणि लगेच वापरली गेली. पाच-सहा वर्षांत बहुतेक धर्मग्रामांत लॅटिन उरली नाही. हुकूम कुणी काढला नव्हता; मागणी थांबेना, एवढंच.

लपवालपवीच्या आरोपाला तर उत्तर खुद्द पोपनीच देऊन ठेवलं आहे. नवी मिस्सा सुरू व्हायला चार दिवस होते. २६ नोव्हेंबर १९६९च्या जाहीर भेटीत सहावे पॉल यांनी सांगितलं की आपण शतकांची भाषा सोडतो आहोत, ग्रेगोरियन गायनाचा मोठा भाग गमावतो आहोत, आणि हळहळ वाटणं साहजिक आहे. भाविक माणसांना सगळ्यात जास्त त्रास होईल, हेही ते बोलले. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की प्रार्थना ज्या रेशमी वस्त्रात गुंडाळली आहे त्या वस्त्रापेक्षा ती कळणं मोलाचं. पटो न पटो, माणसाने किंमत आधी सांगितली होती.

आणखी एक गोष्ट या मजकुराच्या गावीच नाही. नव्या मिस्साग्रंथाचा अधिकृत मूळ पाठ आजही लॅटिनच आहे. जगभरच्या भाषांतले ग्रंथ त्यावरून केलेले अनुवाद आहेत. आणि खरी भांडणं तिथे झाली. 'दोमिनुस वोबिस्कुम' ('प्रभू तुमच्याबरोबर असो') याला लोकांचं उत्तर आहे 'एत कुम स्पिरितू तुओ', म्हणजे 'आणि तुमच्या आत्म्याबरोबर'. १९७३च्या इंग्रजी ग्रंथाने त्यातला आत्मा गाळून नुसतं 'तुमच्याबरोबरही' केलं. २००१ मध्ये रोमने शब्दाला शब्द लावण्याचा नियम केला आणि २७ नोव्हेंबर २०११ पासून इंग्रजीत आत्मा परत आला. त्यानंतर कित्येक महिने मिस्सेत अर्धे लोक जुनं उत्तर देत होते, अर्धे नवं, आणि थोडे नुसतेच पुटपुटत होते. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अनुवादाची मुख्य जबाबदारी परत बिशपांकडे सोपवली. एका शब्दासाठी अडतीस वर्षं. लॅटिन होती तोवर शब्दावरून भांडायला बाकड्यावरच्या माणसाला शब्द माहीतच नव्हता. आता त्याला मत आहे, आणि ते तो फादरांना मिस्सेनंतर दारातच ऐकवतो. सुधारणेचा टिकलेला परिणाम शोधायचा तर तो हा आहे. गिटारवाल्या मुलांच्या फोटोत तो दिसणार नाही.

'परिषदेने वेदी फिरवली.'

परिषदेच्या दस्तऐवजात फादरांनी कुणाकडे तोंड करावं याबद्दल एक शब्द नाही. खुशाल शोधा. ती गोष्ट सप्टेंबर १९६४च्या अंमलबजावणीच्या सूचनेत येते : मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असणं बरं, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करूनही मिस्सा करता येईल. 'येईल', 'झालीच पाहिजे' नव्हे. पुढच्या नियमावलीत याला 'शक्य तिथे इष्ट' म्हटलं गेलं. आजच्या मिस्साग्रंथातही काही ठिकाणी फादरांना सूचना आहे की 'लोकांकडे वळून' म्हणा. आधीपासूनच तोंड तिकडे असेल तर वळायचं कशाला? म्हणजे ग्रंथाने दोन्ही शक्यता धरल्या आहेत. कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी २०१६ मध्ये फादरांना नाताळआधीच्या आगमनकाळापासून पूर्वेकडे, म्हणजे लोकांच्या बरोबरीने वेदीकडे, तोंड करायचं आवाहन केलं, तेव्हा व्हॅटिकनने आठवड्याभरात खुलासा केला की नवा नियम वगैरे काही नाही. पण जुनी पद्धत निषिद्ध आहे, असंही त्यात म्हटलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे जिला फादरांची पाठ हवी आहे त्या परंपरेचं सर्वांत मोठं चर्च, रोमचं संत पेत्राचं, पूर्वेकडे दार असलेलं आहे. तिथे पूर्वेकडे तोंड करणारा पोप शतकानुशतकं लोकांकडेच तोंड करून उभा राहत आला.

वेदीच्या बाबतीत मी मजकुराशी निम्मा सहमत आहे. सुटी वेदी म्हणून एक लाकडी मेज पुढे ठेवलं असतं तरी भागलं असतं. त्याऐवजी अनेक देशांत संगमरवरी वेद्या फोडल्या, वेदीपुढचे कठडे उखडले, चित्रांवर चुना मारला, आणि हे सगळं 'परिषदेने सांगितलं' म्हणून केलं. परिषदेने सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या उत्साही समित्या आणि वास्तुरचनाकार जे नाव घेऊन तोडत होते, तेच नाव घेऊन आजचा मजकूर रडतो आहे. दोघांनीही दस्तऐवज उघडलेला नाही.

फादर समोर आल्याचा जो परिणाम झाला, त्याबद्दल मात्र कुणी मजकूर लिहीत नाही. पूर्वी पाठमोऱ्या माणसाला चेहरा नसे. फादर बदलले तरी मिस्सा तीच. आता दीड तास एक चेहरा समोर आहे. तो कंटाळलेला असेल तर दिसतं. तो विनोदी असेल तर मिस्सेत विनोद घुसतात. सुधारणा करणाऱ्यांना लोकांना मध्यभागी आणायचं होतं. प्रत्यक्षात बऱ्याच धर्मग्रामांत मध्यभागी फादर आले. 'कुणाची मिस्सा आहे आज?' हा प्रश्न विचारून लोक वेळ बदलतात, हे मी वाचनाची पाळी लावताना दर आठवड्याला बघतो.

'सहा प्रोटेस्टंट पाळकांनी लिहिली.'

हे थोडक्यात. सुधारणेच्या समितीत १९६६ पासून सहा प्रोटेस्टंट निरीक्षक होते. मतदानाचा अधिकार नाही, मसुदा लिहिण्याचं काम नाही. १० एप्रिल १९७० रोजी पोपबरोबर त्यांचा फोटो निघाला, आणि पन्नास वर्षं तोच फोटो पुरावा म्हणून फिरतोय. फोटोत असणं आणि लिहिणं यात फरक आहे. नाहीतर बारशाच्या फोटोतले सगळेच बाप ठरतील. त्या सहांतले, फ्रान्समधल्या ताइझे मठाचे माक्स तुरियां पुढे १९८७ साली कॅथलिक धर्मगुरू झाले, म्हणजे कोणावर कोणाचा परिणाम झाला हेही बघायला हवं.

खरा मसाला मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. नव्या मिस्सेतल्या दुसऱ्या मुख्य प्रार्थनेच्या मसुद्याची मुदत दुसऱ्या दिवशीची होती, आणि लुई बूये व बर्नार बोत या दोन कॅथलिक विद्वानांनी तो रोममधल्या ट्रास्टेव्हेरेतल्या एका खानावळीच्या गच्चीवर बसून पुरा केला. हे बूये यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहिलं आहे. शिवाय १९६७ साली बिशपांच्या सभेत नव्या मिस्सेचा नमुना मांडला तेव्हा ७१ जणांनी होकार दिला, ४३ जणांनी नकार, आणि ६२ जण दुरुस्त्यांसह तयार झाले. घाई झाली, एकमत नव्हतं, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. त्यांना कटाची गोष्ट लागत नाही.

'कम्युनियन हातावर द्यायला लावलं.'

परिषद याबद्दलही गप्प आहे. काही देशांत लोकांनी परवानगीशिवाय ही पद्धत सुरू केली, तेव्हा सहावे पॉल यांनी जगभरच्या बिशपांना विचारलं. ५६७ बाजूने, १२३३ विरोधात. म्हणून मे १९६९च्या पत्रात जिभेवर घेण्याची पद्धतच कायम ठेवली, आणि जिथे हातावर घेणं आधीच रुजलं होतं तिथल्या बिशपांना परवानगी मागता येईल असं एक परिशिष्टवजा कलम जोडलं. पुढे कलमच पत्रापेक्षा मोठं झालं. अमेरिकेला ती परवानगी १९७७ मध्ये मिळाली. यात आज्ञाभंगाला बक्षीस मिळालं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण 'नवं फॅड' म्हणू नका. चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या शिकवणीत नवख्यांना सांगितलं आहे की डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धरा आणि तळहाताचा खळगा करून राजाला स्वीकारा. आणि जिभेवर घ्यायचा हक्क आजही प्रत्येकाला आहे. तो कुणी नाकारू शकत नाही.

'पूर्वी लोक सामील व्हायचे, आता प्रेक्षक झाले.'

इथे मला थांबायचं आहे, कारण हा दावा खऱ्याच्या अगदी उलट आहे.

१९५०च्या आसपासची साधी रविवारची मिस्सा डोळ्यांसमोर आणा. फादर वेदीच्या पायथ्याशी लॅटिनमध्ये सुरुवात करतात. उत्तरं देतो तो वेदीसेवक, नऊ-दहा वर्षांचा मुलगा, पाठ केलेल्या आणि न कळलेल्या शब्दांत. लोकांच्या वाट्याची उत्तरं तोच लोकांच्या वतीने देऊन टाकतो. वाचन फादर वेदीकडेच तोंड करून लॅटिनमध्ये वाचतात. प्रवचनाच्या वेळी शुभवर्तमान लोकभाषेत पुन्हा वाचलं तर वाचलं. मुख्य प्रार्थना तोंडातल्या तोंडात. मधेच घंटा वाजते, कारण आता वर बघायचं आहे हे लोकांना दुसरं कसं कळणार? माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय : 'घंटा झाली की जपमाळ थांबवायची, मान वर करायची, मग पुढचा मणी.' ती अत्यंत भाविक बाई होती. तिची प्रार्थना खरी होती. पण ती मिस्सेत प्रार्थना करत होती, मिस्सेची प्रार्थना करत नव्हती. दोन्ही शेजारी शेजारी चालत.

आणि कम्युनियन? मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. त्यामुळे दुपारकडे झुकणाऱ्या मोठ्या गायन-मिस्सेला कम्युनियन घेणारे अगदी थोडे. ज्यांना घ्यायचं ते पहाटेच्या मिस्सेला येत, आणि बऱ्याच ठिकाणी ते मिस्सेच्या आधी किंवा नंतरच वाटलं जाई. संध्याकाळची मिस्सा नव्हतीच. पाण्याची मुभा आणि संध्याकाळच्या मिस्सेची परवानगी १९५३ मध्ये आली, उपास तीन तासांवर १९५७ मध्ये, एका तासावर १९६४ मध्ये. दहाव्या पायस यांनी १९०५ सालीच वारंवार, शक्य तर रोज, कम्युनियन घ्या म्हणून सांगितलं होतं. सांगणं पोचायला उपासाचे नियम बदलावे लागले. 'लोकांचा सक्रिय सहभाग' हे शब्दही परिषदेने शोधलेले नाहीत. ते त्याच दहाव्या पायस यांच्या १९०३च्या संगीतावरच्या फर्मानात आहेत, ज्यांचं नाव आज परंपरावादी सगळ्यात मोठ्याने घेतात.

आता वाचनं. माझ्या मते सुधारणेतलं सर्वांत टिकाऊ काम हेच आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सगळ्यात कमी बोललं जातं. जुन्या मिस्साग्रंथात रविवारची वाचनं एका वर्षाची होती. दर वर्षी तीच. जुना करार रविवारी क्वचितच. उधळ्या मुलाची गोष्ट घ्या. ती जुन्या ग्रंथात होती, पण प्रायश्चित्तकाळातल्या एका शनिवारी. शोमरोनी स्त्रीची विहिरीवरची भेट शुक्रवारी. जन्मांध माणूस बुधवारी. लाजराला थडग्यातून बाहेर बोलावणं शुक्रवारी. फक्त रविवारी येणारा कष्टकरी माणूस आयुष्यभर चर्चला गेला, तरी उधळ्या मुलाचं शुभवर्तमान त्याच्या रविवारी कधीच येत नसे.

१९६९च्या वाचनग्रंथाने रविवारचं चक्र तीन वर्षांचं केलं : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मुख्यतः ईस्टरच्या काळात आणि मार्कच्या छोट्या शुभवर्तमानाच्या वर्षी. साध्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात. मोजदाद करणाऱ्यांनी मोजलं आहे : रविवार आणि साधे दिवस धरले तर नव्या कराराचा सुमारे ७१ टक्के भाग आता मिस्सेत वाचला जातो, जुन्या ग्रंथात तो सुमारे १६ टक्के होता. जुना करार, स्तोत्रं वगळता, एक टक्क्यावरून सुमारे साडेतेरा टक्क्यांवर आला. आणि हे वाचतो कोण? बाकड्यावरून उठून गेलेला शिक्षक, परिचारिका, बारावीतली मुलगी. विश्वासूंच्या प्रार्थना, ज्या रोमच्या विधीत शतकानुशतकं फक्त शुभ शुक्रवारी उरल्या होत्या, त्या दर रविवारी परत आल्या. १९७३ पासून कम्युनियन वाटायला धर्मग्रामस्थ पुढे आले. स्त्रियांना वाचकाची सेवा विधिवत सोपवण्याची वाट २०२१ च्या जानेवारीत मोकळी झाली. प्रत्यक्षात त्या कितीतरी आधीपासून वाचत होत्या, आणि बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा बऱ्या वाचतात.

वाचनग्रंथालाही डाग आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 'जो अयोग्यपणे ही भाकर खाईल' हे पौलाचं कडक बोलणं जुन्या ग्रंथात पवित्र गुरुवारी वाचलं जाई. नव्यात त्याच्या अगदी आधीच्या ओळीवर वाचन थांबतं. अवघड ओळी कंसात टाकून 'वाचल्या नाहीत तरी चालेल' करण्याची सवय मला चीड आणते. वाचकाला मंचावर उभं केलंत, तर त्याच्या हातात अख्खा मजकूर द्या.

शांततेचं काय? मजकुराची ही एकच नस बरोबर पकडलेली आहे. जुन्या मिस्सेत लोकांच्या वाट्याला शब्द नव्हते, पण शांतता भरपूर होती. नव्या मिस्सेत शब्द आले आणि सगळी जागा भरून टाकली. नियम सांगतो की वाचनानंतर, प्रवचनानंतर, कम्युनियननंतर थोडं गप्प बसा. कम्युनियननंतरच्या त्या मिनिटात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे : सूचना, अभिनंदनं, आणि गाडी कुठे लावू नये ते. यात परिषदेचा दोष नाही, पण परिणाम तर झालाच.

'म्हणून चर्चं ओस पडली.'

आकडा खरा आहे. गॅलपच्या पाहणीत अमेरिकेतले ७५ टक्के कॅथलिक १९५५ साली आठवड्याला चर्चला जात असल्याचं सांगत. १९७५ मध्ये ५४ टक्के. २०१४ ते २०१७ च्या दरम्यान ३९ टक्के. मोठी घसरण नेमकी सुधारणेच्या वर्षांतच आहे, आणि त्याच पाहणीत प्रोटेस्टंटांची हजेरी तितकी घसरलेली नाही. 'सगळीकडेच कमी झालं' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. सुधारणेची बाजू घेणारे आमचे लोक नेमकं तेच करतात.

पण त्याच वर्षांत आणखी काय घडलं? जुलै १९६८ मध्ये कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणारं पोपचं परिपत्रक आलं. अँड्र्यू ग्रीली हे स्वतः धर्मगुरू असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९७०च्या दशकात आकडे तपासून निष्कर्ष काढला की अमेरिकेत लोक दुरावले ते त्या परिपत्रकामुळे, मिस्सेतल्या बदलांमुळे नव्हे. फ्रेंच इतिहासकार गिय्योम क्युशे फ्रान्समधली तीव्र घसरण १९६५च्या आसपास सुरू झालेली दाखवतात, पण बोट ठेवतात ते मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीवर : रविवारची मिस्सा चुकवणं हे गंभीर पाप, हे व्यासपीठावरून सांगणं जवळजवळ थांबलं. १९६५ म्हणजे नव्या मिस्साग्रंथाच्या चार वर्षं आधी. आणि त्याच्याही मागे जायचं तर १९४३ सालीच गोदँ आणि दानियेल या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी पॅरिसच्या कामगार वस्त्या बघून प्रश्न विचारला होता की फ्रान्स आता मिशनभूमी झाली आहे का. तेव्हा वेदीवर लॅटिन होती, फादर पाठमोरे होते, कठडे शाबूत होते.

शिवाय तोच नवा मिस्साग्रंथ घेऊन आफ्रिकेत काय झालं? तिथे आज सुमारे २८ कोटी कॅथलिक आहेत. काँगोच्या धर्मप्रांतांसाठी १९८८ मध्ये रोमने मिस्सेची खास पद्धत मंजूर केली, ज्यात वेदीभोवती नाच आहे आणि पूर्वजांना हाक आहे. आफ्रिकेतली वाढ नव्या मिस्सेमुळे झाली असं मी म्हणणार नाही. लोकसंख्येचा हात त्यात मोठा आहे. पण मग युरोपातली घट नव्या मिस्सेमुळे झाली हेही त्याच तराजूत तोला.

सुधारकांचीही एक फजिती इथे नोंदवायला हवी. लोकांना कळलं की ते येतील, असा त्यांचा होरा होता. लोकांना कळलं, आणि बरेच जण आले नाहीत. काहींना कळल्यामुळेच आपण हे मानत नाही हे लक्षात आलं असावं. ग्रंथ बदलून चर्च भरत नाही, ग्रंथ बदलून ते रिकामंही होत नाही. पण दोन्ही बाजूंना ग्रंथावर भांडणं सोपं जातं, कारण तो हातात धरता येतो.

राहिली शेवटची ओळ : फादरांना विचारा. जरूर विचारा, पण योग्य प्रश्न. १९६२च्या ग्रंथाची मिस्सा करायची तर २०२१ पासून बिशपांची परवानगी लागते, आणि त्यावर नाराज असलेल्यांची तक्रार मला समजते. पण नव्या मिस्सेत 'सांक्तुस' ('पवित्र, पवित्र, पवित्र'), 'आन्युस देई', अगदी सगळी मिस्सासुद्धा लॅटिनमध्ये म्हणायला मंजूर ग्रंथ पुरतो. सहावे पॉल यांनी १९७४च्या ईस्टरला जगभरच्या बिशपांना सोप्या लॅटिन गायनांची एक छोटी पुस्तिका भेट पाठवली होती, प्रत्येक धर्मग्रामाला निदान एवढं तरी यावं म्हणून. बहुतेक ठिकाणी ती कपाटातच राहिली. हा मजकूर मला पाठवणाऱ्या आमच्या गायकवृंदातल्या एका गृहस्थांना मी त्या गायनांची छापील पानं दिली आणि म्हटलं, शनिवारी सहाला तालीम ठेवू, 'सांक्तुस' चार आठवड्यांत बसेल. ते म्हणाले, शनिवारी सहाला जमणं कठीण आहे.